पार्बताकाकूचं ऊन

रोज दुपारी साडेबाराला पार्बताकाकूचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "ऊन दाखव मले." मग मी शिलाई मशीन सोडून अंगणात जायचे आणि फोन आभाळाकडे धरायचे.

काकू आमच्याच एकोडी गावची, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. काका गेल्यावर मुलगा सुधाकर तिला नॉर्वेच्या पार उत्तरेला घेऊन गेला. तिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही. आणि काकूचा नेम असा, की दिवेलागणीनंतर घरात झाडू लावायचा नाही, केसांना फणी लावायची नाही. तिथे कधीही उठा, दिवेलागण झालेलीच. पहिले आठ दिवस तिने ना घर झाडलं, ना वेणी घातली. सून बिचारी घाबरून गेली. शेवटी काकूनेच तोड काढली, दिवस एकोडीच्या उन्हावर काढायचा. तिथे सकाळी आठला इथलं ऊन पाहून ती झाडू हाती घ्यायची. तिथे एक वाजला की इकडे सांज, मग झाडू कोपऱ्यात आणि काकू हातावर हात ठेवून अंधारात.

सुधाकरने उन्हासारखा उजेड देणारा मोठा दिवा आणला. "दिव्याचं ऊन पाठीले लागत नाही वं," ती मला म्हणाली. तिला परत यायचं होतं. तो म्हणायचा, उन्हाळ्यात पाहू.

ऊन पाहून झालं तरी ती फोन ठेवायची नाही. धान निघालं का, तुळशीला पाणी घालतेस का, आज काय रांधलंस. माझा जीव लग्नसराईच्या ब्लाऊजांत अडकलेला. एका दुपारी मी अंगणातल्या उन्हाचा व्हिडिओच काढला आणि तिला पाठवून सांगितलं, आता रोज फोनची कटकट नको, हवं तेव्हा ऊन पाहा. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. काकू फक्त "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन येणं बंद. मीही केला नाही. सुटले, असंच वाटलं तेव्हा, आणि त्याची आज लाज वाटते.

तिथे सूर्य उगवायला चार दिवस होते, तेव्हा काकू गेली. सुधाकर फोनवर रडत होता. शेवटी शेवटी ती झाडूला हात लावत नव्हती, की फणीला. दिवसभर तो एकच व्हिडिओ लावून बसायची. त्यात शेवटी माझा आवाज आहे, "दिसलं का ऊन, काकू?"

काकू दर वेळी त्या फोनला उत्तर द्यायची, "दिसलं वं बाई. तू जेवली का?"

मग थोडा वेळ थांबायची, सुधाकर म्हणाला, आणि पुन्हा लावायची.