वन्संचा मधला भाव

नव्वदनंतरच्या त्या आठ-नऊ वर्षांत पेणपासून रोह्यापर्यंत विकायला निघालेलं असं एकही घर नसेल, जिथे माझ्या थोरल्या वन्संनी बसून चहा घेतला नाही आणि उठताना ‘कळवते’ असं सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याची ही मोठी बहीण रोह्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाचं शिक्षण, आईचं आजारपण, पुढे त्याच भावाचं माझ्याशी लग्न, हे सगळं वन्संनीच निभावलं होतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची आमच्या पेणच्या घरात पद्धतच नव्हती. त्या रोह्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. एके दिवशी घरमालक सहज बोलून गेला की मुलाच्या लग्नाचं बघतोय, तेव्हा बाई, दोन वर्षांत तुमचंही काहीतरी बघा. त्या मुलाचं लग्न पुढे कितीतरी वर्षं जमलं नाही, पण वन्संनी दुसऱ्याच रविवारी घर बघायला सुरुवात केली आणि माझे रविवार संपले.

मी आठवडाभर बालवाडी सांभाळायचे. सहा दिवस तीस पोरांची नाकं पुसल्यावर सातव्या दिवशी निवांत न्हावं, केस वाळवत बसावं, एवढंच माझं मागणं होतं. पण नऊच्या सुमारास रोह्याहून येणारी एसटी आमच्या नाक्यावर थांबायची आणि छत्री, कापडी पिशवी आणि शिंप्याकडची एक जुनी टेप घेऊन वन्सं उतरायच्या. नवरा एसटी डेपोत कारकून. त्याला नेमकी रविवारीच ड्यूटी लागायची, आणि ती तो मागून घ्यायचा असा मला आजही संशय आहे. मग आम्ही दोघी निघायचो. पेणमध्ये घ्यायचं की रोह्यात, हे वन्संचं ठरलेलं नव्हतं. पेणला भाऊ आणि रोह्याला शाळा, म्हणून एक रविवार इकडे आणि एक तिकडे; रोह्याची पाळी असली तरी मला न्यायला त्या आधी पेणला यायच्याच. एक मात्र ठरलेलं होतं, नवी इमारत बघायची नाही. त्यांचं म्हणणं असं की नव्या घराबद्दल फक्त बिल्डर बोलतो, जुन्या घरात माणसं राहिलेली असतात आणि ती फार वेळ खोटं बोलू शकत नाहीत. हे त्या सिद्धही करून दाखवायच्या. दारातून आत जाताच ‘का विकताय?’ हा एकच प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. पुढच्या अर्ध्या तासात त्या घरातलं भावाभावांचं भांडण, सुनेचा हट्ट, गच्चीची गळती, सगळं आपोआप बाहेर यायचं. मग त्या मोरीत जाऊन नळाखाली बादली लावायच्या आणि घड्याळ बघत उभ्या राहायच्या. माझी ओळख ‘ही माझी भावजय, हिला बांधकामातलं कळतं’ अशी करून दिलेली असल्यामुळे मला भिंतींवर टकटक करून गंभीर चेहरा ठेवावा लागायचा. मला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. पण एकदा पेणच्या एका सोसायटीत मी टकटक केली तेव्हा पलीकडच्या शेजारणीला वाटलं कोणीतरी बोलावतंय. ती इकडे आली आणि वरच्या मजल्यावरचं पाणी याच भिंतीतून उतरतं, हे सांगून गेली. तेव्हापासून वन्संचा माझ्यावरचा विश्वास पक्का झाला आणि माझी सुटका कायमची टळली.

त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाचं मूळ मात्र त्या ‘मधल्या भावात’ होतं. एखादं घर खरोखर किती रुपयांना गेलं, हे त्या बोलता बोलता काढून घ्यायच्या. कागदावरचा आकडा नव्हे, खरा. तो एसटीच्या तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर लिहायच्या. आमच्याकडे परत आलं की वर्षभराची तिकिटं लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत जमिनीवर ओळीने मांडायच्या, दोन्ही टोकांकडून एकेक बोट सरकवत आणायच्या आणि दोन्ही बोटं जिथे भेटतील ते तिकीट उचलायच्या. तो त्या वर्षीचा मधला भाव. सरासरी काढा की, असं नवरा एकदा म्हणाला. त्यावर त्यांनी त्याला शाळेतल्या मुलासारखं समोर बसवलं. म्हणाल्या, एका डॉक्टरने हौसेने बंगला घेतला की सरासरी उडी मारते, त्या डॉक्टरच्या हौसेचा भार मी का उचलू? मधल्या माणसाला डॉक्टरही हलवू शकत नाही आणि भिकारीही. हे सगळं चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे, कारण तिकिटं उडायची. मे महिन्यात, भर दुपारी, पेणसारख्या गावात पंखा बंद करून आम्ही घामाने निथळत मधल्या भावाची वाट बघत बसायचो. त्यात तिकिटं सम भरली तर आणखी पंचाईत. मग मध्ये दोन यायची. दोन्हींच्या मधला आकडा धरायला वन्सं तयार नसायच्या, तसल्या किमतीला कोणतंच घर गेलेलं नाही, म्हणून. त्या उठून पायात चप्पल घालायच्या आणि तिकिटं विषम व्हावीत म्हणून आम्ही आणखी एका विकल्या गेलेल्या घराचा आकडा काढायला जायचो. एकदा वैतागून मी एक तिकीट गुपचूप पोळ्यांच्या डब्याखाली सरकवलं. वन्संनी बोटं सरकवली, ओळीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “गडबचं घर कुठे गेलं गं?” गडबचं ते हायवेलगतचं कौलारू घर माझ्याही लक्षात होतं. तिथल्या म्हातारीने, “इकायचं हाय, पण घाई नाय गो,” म्हणत आम्हाला तीन वेळा चहा पाजला होता आणि शेवटी तिच्याच पुतण्याने ते विकत घेतलं होतं. मी निमूटपणे डबा उचलला.

लोकांचं वागणं हा निराळाच शीण होता. विकणारे बहुतेक सगळे वन्संच्या खांद्यावरून मागे बघायचे. साहेब येतायत का, घरातलं पुरुष माणूस कोणी आहे का, असं विचारायचे. एक गृहस्थ तर घरभर फिरवताना सगळं मलाच सांगत होते, कारण मंगळसूत्र माझ्या गळ्यात होतं. वन्सं त्यांच्या मागून शांतपणे टेपने खिडक्या मोजत होत्या. बाहेर आल्यावर मीच चिडले, तर त्या म्हणाल्या की चिडून खिडकी मोठी होत नाही.

पहिली दोन-तीन वर्षं मधला भाव डुलत डुलत चालला होता. मग एकाएकी त्याने वेग घेतला. रेल्वे पुढे कोकणात जाणार, कंपन्या वाढणार, मुंबईचे लोक पेणला दुसरं घर घेऊन ठेवणार, अशी बोलणी जो तो करू लागला. आमचा न्हावीसुद्धा जागेचे दर सांगायचा. मधलं तिकीट दर सहा महिन्यांनी फुगायचं आणि वन्संचा पगार आपला त्याच्या मागून धापा टाकत यायचा. नेमक्या त्या काळात पेणला एका सोसायटीत पहिल्या मजल्यावरची जागा त्यांना आवडली होती. मागे आंब्याचं झाड, पुरेसं पाणी, शेजार चांगला. आम्ही पाच वेळा गेलो. पण किंमत मधल्या भावाच्या थोडी वर होती, म्हणून वन्सं म्हणाल्या, दिवाळीपर्यंत थांबू. दिवाळीनंतर गेलो तर दाराला दुसऱ्याच नावाची पाटी होती, आणि त्या इमारतीतला तसाच दुसरा फ्लॅट आता कितीला, ते ऐकून वन्संनी पिशवीतून तिकीटसुद्धा काढलं नाही.

स्टँडवर आम्ही रोह्याच्या गाडीची वाट बघत बसलो. मी दमले होते, चार वर्षांचे रविवार अंगावर आले होते. न राहवून बोलले की वन्सं, तुम्हाला घर नकोच आहे, तुम्हाला फक्त भाव काढायचे आहेत. बोलून झाल्यावर लगेच वाईट वाटलं. वन्संनी पिशवीतून टेप काढली आणि ती नीट गुंडाळून परत ठेवली. मग म्हणाल्या, “मला एकदाच घेता येणार आहे गं. चुकलं तर सावरायला मागे कोणी नाही.” गाडी आली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि नेहमीसारखा हात हलवायचं विसरल्या. त्यानंतर मी रविवारबद्दल कधी कुरकुर केली नाही. केली असेल तर नवऱ्याजवळ.

पुढे दशक सरत आलं तसा वारा फिरला. रोह्यात एकेका कंपनीची आधी रात्रीची शिफ्ट बंद झाली, मग काहींची दारंच बंद झाली. ‘विकणे आहे’च्या पाट्या लागल्या आणि पावसाने त्यांची अक्षरं धुऊन गेली तरी निघाल्या नाहीत. मधलं तिकीट एक वर्ष जागचं हललं नाही, दुसऱ्या वर्षी खाली आलं. वन्संची निवृत्ती आता नजरेत आली होती आणि घरमालकाच्या मुलाचं लग्नही अखेर ठरलं होतं. अशातच स्टँडजवळच्या पानवाल्याने, जो जागांची दलालीही करायचा, रोह्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची खबर आणली.

तिथला माणूस कंपनीत ऑपरेटर होता. कंपनी बंद होऊन वर्ष झालं होतं. बायको आणि दोन मुलींना घेऊन तो घाटावर आपल्या गावी चालला होता. वन्संनी ‘का विकताय’ विचारलं, पण त्याने दोन वाक्यांत सांगून टाकलं, रंगवायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. किंमत त्याने जमिनीकडे बघत सांगितली. इतकी कमी होती की मी वन्संना कोपराने ढोसलं. दलाल त्याहून हुशार. त्याने आम्हाला गॅलरीत नेऊन सांगितलं, “बाई, अजून दाबा. माणूस अडलेला हाय. पंधरा दिवस थांबलात तर आणखी खाली येतोय बघा.” आम्ही आत आलो तेव्हा त्या बाईने चहा आणला होता. भांडीकुंडी बांधून झाली होती, बाहेर दोनच कप होते, ते आम्हाला दिले. वन्सं त्या दोन कपांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून तिकिटांचा गठ्ठा काढला आणि त्या उघड्या फरशीवर ओळ मांडायला घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑपरेटर, त्याची बायको, पोरी, दलाल, सगळे वाकून बघत होते. दोन्ही बोटं भेटली. वन्संनी तिकीट उचलून त्या माणसाच्या हातात दिलं.

“हा मधला भाव,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगितलात त्याच्यापेक्षा जास्त आहे. मी हा देणार.”

दलालाला वाटलं बाई चुकल्या, तो दुरुस्त करायला पुढे सरसावला. वन्संनी त्याला हाताने थांबवलं आणि वर्गात समजावतात तशा आवाजात सांगितलं की यांनी आज कमी घेतलं, तर उद्या खालच्या मजल्यावरच्या माणसाला लोक यांचाच आकडा दाखवणार, आणि त्याच्या पुढच्याला त्याचा. तो माणूस तिकीट उलटसुलट करून बघत होता.  त्याची बायको तेवढी म्हणाली, “बाई, चहा गार होतोय.”

जिना उतरताना मी विचारलं की आठ वर्षं तुम्ही याच दिवसाची वाट बघत होतात ना? एका तिकिटात सगळं घालवलंत. वन्सं कठड्याला धरून सावकाश उतरत होत्या. म्हणाल्या, “भाव उतरतो तेव्हा कोणीतरी घर सोडून जिना उतरत असतं. हे मी कधी धरलंच नव्हतं.”

वरचे पैसे त्यांनी शाळेच्या पतपेढीतून उचलले. त्यापायी खिडक्यांना पडदे यायला दोन वर्षं लागली आणि स्वयंपाकघराला रंग लागलाच नाही. भाव त्यानंतरही उतरत राहिले. नातेवाइकांत सगळ्यांनी हळहळून घेतलं, इतकी वर्षं थांबून शेवटी बाई फसल्याच म्हणून. वन्सं रविवारी पेणला यायच्या बंद झाल्या. मला न्हायला, केस वाळवायला वेळच वेळ मिळू लागला आणि त्याचं काय करावं ते कळेना. म्हणून एका रविवारी मीच रोह्याला गेले. जेवणं झाली. बोलायला काही सुचेना, तेव्हा मी सांगितलं की पेणला आमच्या मागच्या सोसायटीतला फ्लॅट विकला गेला, आणि आकडा सांगणार तोच त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “राहू दे गं. मला आता घ्यायचंही नाही आणि विकायचंही नाही.”

मग त्या चटईवर जरा आडव्या झाल्या. खिडकीतून कुंडलिका नदीवरचा वारा येत होता. मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही म्हणून बघितलं तर वन्संचा डोळा लागला होता, तोंड किंचित उघडं, चष्मा अजून कपाळावर. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण त्यांना दुपारी झोपलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चष्मा काढून बाजूला ठेवावा असं वाटलं, पण जाग येईल म्हणून हात लावला नाही. पेणची चारची गाडी निघून गेली असावी. मी भिंतीला टेकून बसून राहिले.