काही न झाल्याच्या रेवड्या

फुलंब्रीहून शहरात येणाऱ्या सकाळच्या एसटीत ते काका रोज माझ्या शेजारी बसायचे. गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला होते. नाव मी कधी विचारलं नाही. दर गुरुवारी ते पिशवीतून पुडी काढून सगळ्या बसला रेवड्या वाटायचे. गुरुवार दत्ताचा, तसा दर्ग्याचाही. त्यांचा नक्की कुणाचा, तेही कळलं नाही.

"काय काका, नातू झाला का?" मी चेष्टेनं विचारायचो.

"नाय."

"मग वावराच्या केसचा निकाल लागला?"

"नाय बाबा. आठवडाभर काय बी झालं नाय. म्हणून तर वाटतो."

मी हसायचो. रेवडी मात्र कधी सोडली नाही.

पुढं आईच्या गळ्याला गाठ आली. तपासणीचा कागद बुधवारी हातात पडला. डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे. काही नाही."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बसमध्ये रेवड्यांची पुडी माझ्या हातात होती.

"काय हो, पोरगा झाला का?" काकांनी डोळे बारीक करून विचारलं.

"नाय," एवढंच म्हणालो. पुडी त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी माझ्या हातातली पुडी घेतली, उठले आणि पहिली रेवडी कंडक्टरला देत म्हणाले, "घ्या. ह्यांच्याकडं बी काय झालं नाय."