वेलिकाने निवडलेल्या चाचण्या

वेलिका ट्रायकोव्स्का लहानपणी आईबापांबरोबर मॅसेडोनियातल्या बितोलाहून ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केंब्लाला आली. बाप पोलाद कारखान्यात भट्टीवर लागला. ती दिवसा शिवणकाम करून संध्याकाळच्या वर्गांत धातुशास्त्र शिकली, आणि पुढे कारखान्याच्या मागच्या रस्त्यावरच्या खाजगी तपासणी लॅबची प्रमुख झाली. मी तिच्या हाताखाली नोकरीला लागले तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. आमच्या मॅसेडोनियन बायकांमध्ये ती जरा फटकळ म्हणून ओळखली जायची.

गिऱ्हाईक बोल्ट आणून टाकायचं, त्यांच्यावर कोणत्या चाचण्या करायच्या हे वेलिका ठरवायची. मशीनला हात लावण्याआधी ती विचारायची, हा बोल्ट कुठे बसणार, काय सोसणार? गोठवणाऱ्या थंडीत राहणार असेल तर गार करून हातोड्याचा घाव घालायचा. सतत थरथरणाऱ्या यंत्रावर जाणार असेल तर ताण देऊन सोडायचा, पुन्हा द्यायचा, असं लाखो वेळा. साध्या कामाला डोक्याखाली तिरकी वॉशर घालून तुटेपर्यंत ओढायचा आणि कठीणपणा मोजायचा, एवढं पुरे.

एका वर्षी नाताळच्या तोंडावर एका विक्रेत्याने जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट पाठवले, सगळ्यात ताकदीच्या जातीचे. कोळशाच्या धक्क्यावर कोळसा वाहून नेणाऱ्या उंच सरकत्या पट्ट्याशेजारची चालायची फळी त्यांच्यावर टांगायची होती. वेलिका ते हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. एवढ्या कडक पोलादावर मुलामा चढवताना आत हायड्रोजन शिरतो. नंतर लगेच भट्टीत तास न् तास शेकलं नाही, तर तो आतच राहतो आणि पोलाद ठिसूळ करतो. तिने मुलामेवाल्याला फोन लावला. शेकलेत, असं तो म्हणाला. तरीही बोल्ट आवळून काही दिवस तसेच ठेवून बघावेत, असं तिने विक्रेत्याला सुचवलं. तो म्हणाला, कागदावर ती चाचणी मागितलेली नाही आणि ट्रक दारात उभा आहे.

तिने ती चाचणी सोडून दिली. आम्ही नमुन्याचे बोल्ट ओढले. एकूण एक बोल्टाने हवा त्याहून जास्त भार घेतला. वेलिकाने सही केली.

जानेवारीतल्या एका सकाळी, वारा नाही, गर्दी नाही, अशा वेळी ती फळी एका बाजूने सुटली. तिच्यावर किरे नास्तेव्स्की होता, आमच्याच चर्चमधला फिटर. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं.

तुटलेले बोल्ट आमच्याकडेच आले. सूक्ष्मदर्शकाखाली तुटीचा भाग साखरेच्या खड्यांसारखा दिसत होता, हायड्रोजनने ठिसूळ केलेलं पोलाद असंच तुटतं. वेलिकाने एकदाच पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. ते कधी शेकलेच नव्हते. चौकशीत तिच्यावर ठपका आला नाही. मागितलेल्या सगळ्या चाचण्या झाल्या होत्या, एवढंच लिहिलं गेलं. मुलामेवाल्याने तोवर कारखाना बंद केला होता.

इस्टरनंतर ती किरेच्या घरी गेली. मला बरोबर चल म्हणाली, एकटीला जाववेना. तिने पालकाची झेल्निक, आमच्याकडची पापुद्र्यांची भरली रोटी, भाजून नेली होती. किरेच्या बायकोने, मेन्काने, ती घेतली आणि ओट्यावर तशीच झाकून ठेवली.

किरे खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होता. त्याने इकडचं तिकडचं विचारलं नाही.

"तूच तपासलेस ना ते बोल्ट?"

"हो."

"मग वाईट होते की चांगले होते?"

"ओढले तेव्हा चांगले होते, किरे. मी दोन मिनिटं ओढले. तिथे ते दिवसरात्र ताणलेले राहिले. त्या आजारात बोल्ट लगेच तुटत नाही, वेळ घेतो."

"हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग ताणून ठेवून बघायचे होतेस, बाई."

तो आवाज चढवून बोलला नाही. मेन्काने कॉफी आणली, ती आम्ही प्यायलो आणि निघालो. गाडीत ती एवढंच म्हणाली, "मी ती चाचणी सुचवली होती, असं किरेला सांगणार होते. बरं झालं नाही सांगितलं."

त्यानंतर आमच्या लॅबच्या भिंतीलगत भोकं पाडलेल्या जाड पोलादी पट्ट्या उभ्या राहिल्या. मुलामा दिलेला कडक बोल्ट आला की वेलिका तो पट्टीत तिरक्या वॉशरवर आवळायची आणि दिवसेंदिवस तसाच ठेवायची. कुणी मागो न मागो. त्याशिवाय सही नाही. गिऱ्हाइकं कुरकुरली, मग सिडनीच्या लॅबकडे जाऊ लागली. मालक नोएल प्रिचर्ड सज्जन माणूस. त्याने तिला समजावून पाहिलं की जे मागतात तेवढंच विकावं, बाकीचं त्यांच्या डोक्यावर. ती ऐकून घ्यायची आणि पट्टीकडे वळायची.

एका सोमवारी आम्ही कुलूप उघडलं तर पट्ट्यांखाली जमिनीवर बोल्टांची तीन डोकी तुटून पडलेली. वेलिकाने स्वतः त्या गिऱ्हाइकाला कळवलं, सगळा माल परत गेला. ते बोल्ट कुठल्या शाळेच्या छपराला जाणार होते. मला वाटलं, आता तरी तिचा चेहरा सैल होईल. ती दुपारी किरेकडे गेली, हे सांगायला. परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला. ती म्हणाली, त्याने ऐकलं आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. मेन्काने दारापर्यंत येऊन सांगितलं, "वेलिका, पुन्हा येऊ नकोस. तू येऊन गेलीस की तो दोन दिवस जेवत नाही."

ती पुन्हा गेली नाही. आमच्या चर्चलाही यायची थांबली. काम आटत गेलं आणि दोन वर्षांनी प्रिचर्डने लॅब विकली. नव्या मालकांनी त्या पट्ट्या भंगारात काढल्या. मला ठेवून घेतलं, तिला नाही.

अजून कधीकधी मी तिच्याकडे जाते. ती अंगणात मिरच्या लावते, कॉफी करते, माझ्या मुलींची चौकशी करते. लॅबमध्ये हल्ली काय तपासायला येतं, हे मात्र तिने एकदाही विचारलेलं नाही.