मळमड्डीची पाहुणी

अमेरिका-कॅनडात गेलेल्या माझ्या चुलतभावंडांनो, हसायचं तर आत्ताच हसून घ्या. माझं स्थलांतर हुबळीच्या दुर्गदबैलातून धारवाडच्या मळमड्डीपर्यंतचं. पण आपल्या कापडदुकानावरच्या घरातून लग्नाशिवाय बाहेर पडलेली पहिली मुलगी मीच. ट्रंक रिक्षात चढली तेव्हा आईनं डोळे पुसले. अप्पा दुकानाच्या गादीवरून उठलेही नाहीत. "जातीस तर जा. आता पावणी म्हणून येत जा," एवढंच म्हणाले. घटकेघटकेला बस असलेल्या गावी निघताना मी परदेशी चालल्यासारखी रडले.

अंध मुलांच्या शाळेत मला चित्रकला शिकवायची होती. अप्पांना ती थट्टाच वाटली. पहिल्या तासाला शिवलीलालाही वाटली. जन्मापासून न दिसणारी ही मुलगी मेणखडूनं रंगवलेला कागद चाचपून कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, हे चित्र तुमच्यासाठी. आमच्यासाठी काय?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर दुर्गदबैलात होतं. आठवतं, सुट्टीत अप्पा आपल्याला ओळीनं बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि कापड चिमटीत द्यायचे? "डोळा रंगाला भुलतो, बोट भुलत नाही," म्हणायचे. चुकलं की टपली. मलमल, पॉपलिन, इरकलीचा काठ, सगळं आपण असंच शिकलो. शनिवारी मी गेले आणि कटपिसांचं गाठोडं मागितलं. कशाला ते न विचारता अप्पांनी बांधून दिलं.

शिवलीलानं त्यातून कागदावर आपली आई चिकटवली. मी हौसेनं रेशीम पुढे केलं, तिनं ते बाजूला सारलं. तिची आई धान्यबाजारात पोती शिवते. मांडीच्या जागी तिनं गाठोड्यातली सगळ्यात मऊ मलमल लावली, आणि हातांना गाठोडं बांधलेलं गोणपाट.

शाळेच्या प्रदर्शनात आम्ही दारातच पाटी लावली: 'चित्रांना हात लावा'. मी धारवाडला आल्यापासून अप्पा तिथं पहिल्यांदाच आले, तेही आईनं हट्ट धरला म्हणून. शिवलीलाच्या चित्रापुढे त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले. बोटं मलमलीवरून गोणपाटावर गेली आणि तिथंच थांबली. "कष्टाची बाई आहे," ते म्हणाले. मग शिवलीलाला विचारलं, कापड कुणी निवडून दिलं. मीच निवडलं, ती म्हणाली. अप्पा माझ्याकडे वळले.

"हिला तू शिकवलंस?"

मी हो म्हटलं. इतक्या ताठ मानेनं मी आयुष्यात कधी हो म्हटलं नव्हतं.

आता दुकानात शाळेसाठी कटपिसांचा वेगळा ढीग पडतो. तुम्ही फोनवर चिडवता, तुला कसली आलीय घराची आठवण, तासाभराची तर वाट. खरंय. पण ती वाट संपायला मला वर्षं लागली. परवा गेले तेव्हा आई बशीत चिवडा घेऊन आली. अप्पांनी बशी बाजूला ठेवायला लावली. "आधी हा ढीग निवड," म्हणाले, "डोळे मिटून."

पाहुणीला कुणी काम सांगतं का?