कोरफडीखालचा अंगठा

डॉक्टर म्हणाले, "आबा, डोळे मिटा. तळव्याला टोचलं की सांगा." मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ काही झालं नाही, म्हणून मीच म्हटलं, टोचा की आता.

"आबा, कधीचा टोचतोय," ते म्हणाले.

पाय बधिर झालाय हे मला धुळ्याच्या दवाखान्यात असं कळलं. याला न्यूरोपथी म्हणतात. म्हणजे साखरेच्या आजाराने पायाच्या नसा बधिर होतात.

झालं असं, की शेतात भरिताची पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या काट्या पेटवल्या होत्या. वांगी मीच भाजतो, दुसऱ्याने भाजलेली मला चालत नाहीत. अनवाणी होतो. निखाऱ्यावर पाय पडून अंगठा भाजला, पण दुखलं नाही. मी चारचौघांत सांगितलंही, ह्या पायाला काही होत नाही.

बायको दवाखान्यात चला म्हणत होती. मी बांधावरची कोरफड कापली, गर लावला, फडकं बांधलं. आमच्याकडे भाजल्यावर हेच लावतात, आग थांबते. माझी आग होतच नव्हती. मला वाटलं, गुण आला. रोज वरून नवा गर थापत गेलो. अंगठा काळा पडला, वास मारायला लागला. तेव्हा बायको अहिराणीत म्हणाली, "तुमनं डोकं फिरेल शे," आणि पुतण्याची रिक्षा बोलावली.

आधी डॉपलर केलं, म्हणजे पायात रक्त पोचतं का ते बघायची तपासणी. थोडं पोचत होतं. मग डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढणं. डॉक्टर म्हणाले, "खाली रक्त दिसलं तर अंगठा राहील. नाही दिसलं तर तो आजच कापावा लागेल, न कापल्यास पाय जाईल." मी म्हटलं, जाईन तर अख्खा घरी जाईन. त्यांनी कागद बायकोपुढे सरकवला. सही बायकोने केली.

खरवडताना मला काही कळत नव्हतं. बायकोला दारात उभं राहू दिलं होतं, मी तिच्याच तोंडाकडे बघत होतो. बराच वेळ ते दगडासारखं होतं. मग तिने पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, गेला अंगठा.

"बघा आबा," डॉक्टर म्हणाले, "लाल रक्त."

जखम भरायला फार वेळ लागला. कोरफडीला मी आजही नावं ठेवत नाही. डॉक्टरच म्हणाले, पिवळा चीक निथळू द्या आणि गर कोरड्या, धड कातडीला लावा. जखमेला नको. आणि मी सांगतो, तुम्हाला साखर असेल तर दुखत नाही म्हणून खूश होऊ नका, आधी पाय दाखवा.

आता रोज संध्याकाळी बायको माझा पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांत बघते. पहिल्या दिवशी मी पाय मागे ओढला होता. आता ती चुलीपाशी असली तर मी पाय धुऊन, पुसून तिची वाट बघत बसतो.