मागं न हटणारा उस्ताद

तोंडातला चहा आधी गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. कारण अख्ख्या गेवराईसमोर मी स्वतःची शोभा कशी करून घेतली, ते आज सांगणार आहे. आणि करून घेतली म्हणजे काय, ओरडून ओरडून मागून घेतली!

हल्ली पोरं गेम खेळून पगार घेतात म्हणे. त्यांना कोचही असतात. अहो, मी नव्वदच्या दशकात कोच होतो! तेही पाटोद्यात!

तेव्हा सगळं नुकतंच खुलं झालेलं. गावात केबल आली, परदेशी कोल्ड्रिंक आलं, आणि स्टँडमागच्या रसवंतीत व्हिडिओ गेमचं एक मशीन आलं. नाणं टाकायचं, एका हातानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं बटणं बडवायची, की पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना बुकलायला मोकळे. मी ते हँडल धरलं आणि आमच्या आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, सरकी-पेंडीच्या दुकानातून माझं मन उडालं ते उडालंच. दोन वर्षं पाटोद्यात मला हरवणारा पैदा झाला नाही.

माझं वैशिष्ट्य एकच. माझा पैलवान कधी मागं सरकायचा नाही. पुढं, पुढं आणि पुढं! लोक म्हणायचे, "बसूशेठचं काळीज वाघाचं हाय." मी छाती फुगवून सांगायचो, "ह्या खेळात मागं जाणं नसतंच!" आणि खरंच नव्हतं. हँडल मागं ओढलं तरी पैलवान ढिम्म. मला वाटायचं, बनवणाऱ्यानं हा खेळ मर्दांसाठीच बनवलाय.

एकदा गेवराईचा चॅम्पियन मुद्दाम माझ्याशी खेळायला आलता. सहा फुटी गडी. हँडल मागं ओढून ओढून घामाघूम झाला आणि दोन मिनिटांत आडवा.

"ह्ये हँडल चालंना बे!"

"कावून? हरल्यावरच कावून चालंना?" मी म्हणालो. रसवंतीवाला इतका खूश, की त्यानं सगळ्यांना रस फुकट पाजला.

मग माझे ग्रह फिरले. दुकानाच्या शटरमध्ये अंगठा सापडला आणि टमाट्याएवढा सुजला. नेमका त्याच आठवड्यात गेवराईच्या जब्बारभाईंचा निरोप आला. त्यांच्या पार्लरात सहा नवी कोरी मशिनं. त्यांनी स्पर्धा ठेवलेली, आणि ज्याचा चेला जिंकेल त्याला ते पगारी उस्ताद म्हणून ठेवणार होते.

आप्पांनी पेंडीच्या पोत्यावर हात आपटला. "चेला जिंकला तर खुशाल जा गेवराईला. हरला तर जन्मभर हितंच बसून सरकी मापायची. कबूल?"

"कबूल!"

चेला म्हणून मी टायपिंग इन्स्टिट्यूटचे मुळे सर धरले. वय चाळीस, डोक्याला टक्कल, नाकावर चष्मा, पण बोटं काय हो! भजी खात खात, न बघता अर्ज टाइप करायचे. तीन आठवडे मी त्यांना रसवंतीत घोटून काढलं.

"सर, मागं?"

"जायचं न्हाई!"

एकदा त्यांनी दबकत विचारलं, "बसूशेठ, हँडल मागं वळतंय म्हणल्यावर त्याचं कायतरी काम असंलच की. टाइपरायटरवर एक बी बटन फुकटचं नसतंय."

"सर, डोकं चालवू नका. बोटं चालवा."

काय रुबाब होता माझा!

स्पर्धेला पार्लर खच्चून भरलेलं. पहिलाच सामना त्या सहा फुटी गड्याशी. घंटा झाली. सर माझ्या मंत्राप्रमाणे सरळ पुढं घुसले. आणि समोरचा पैलवान चक्क दोन पावलं मागं गेला! सरांचे ठोसे हवेत, त्याची लाथ सरांच्या बरगडीत. पहिला राउंड गेला.

मी स्टुलावर चढलो. "थांबवा! चीटिंग! गडी मागं गेला!"

जब्बारभाई शांतपणे म्हणाले, "मग?"

"मग काय मग? ह्या खेळात मागं जाताच येत न्हाई! मशीनमध्ये घोळ केलाय तुमी! मिस्त्री बोलवा!"

सरांनी माझी बाही ओढली. "राहू द्या, बसूशेठ."

"राहू कसं द्या? उघडा मशीन! सगळ्यांसमोर उघडा!"

मिस्त्री आला. मशीन उघडलं, पाहिलं, बंद केलं. "मशीन झकास हाय. तुमी शिकलात कुठं?"

"पाटोद्याला!"

"रसवंतीतल्या मशीनवर?" त्यानं कपाळाला हात लावला. "अवो, त्याच्या दोन्ही हँडलच्या मागं जायच्या तारा उंदरांनी खाल्ल्यात! चिपाडात उंदीर लई. मी गेलतो मागल्या साली. मालकाला म्हणलो, दहा मिनटात जोडून देतो. तर ते म्हणले, नको बाबा, आमचा चॅम्पियन त्याच्यावरच तयार झालाय!"

हसण्यानं पत्रे हलले म्हणा. तो सहा फुटी गडी तर फरशीवर बसून मांडी बडवत होता. मी अजून स्टुलावरच! उतरायचं कसं, तेही सुचेना.

पुढचा राउंड सुरू झाला. सरांनी हळूच हँडल मागं ओढलं. पैलवान मागं सरकला! सरांचा चेहरा असा उजळला, की ज्याचं नाव ते.

"पुढं, सर, पुढं!" मी सवयीनं ओरडलो.

"गप बसा!" सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

सर एक पाऊल मागं जायचे, समोरचा तोल जाऊन पुढं यायचा, की बटणांवर सरांच्या बोटांचा पाऊस. तो सामना जिंकला, पुढचे जिंकले, संध्याकाळपर्यंत स्पर्धा जिंकली!

मी धावत जब्बारभाईंकडं. "भाई, चेला माझा! उस्तादाची जागा माझी!"

जब्बारभाईंनी सरांना विचारलं, "सर, खरं बोला. शिकवलं कुणी?"

सरांनी चष्मा पुसला. "शिकवलं यांनीच. पण जिंकलो, ते यांचं ऐकायचं सोडल्यावर."

उस्तादाची जागा कुणाला मिळाली, हे सांगायला हवं का?

दुसऱ्या दिवसापासून मी सरकी मापायला बसलो. अंगठा बरा झाल्यावर एका रविवारी मात्र राहवलं नाही. गेवराई गाठली आणि मुळे उस्तादांच्या शिकवणीत नाव घातलं. त्यांनी मला पहिला धडा दिला, हँडल मागं ओढायचा. मी तासभर झटलो हो! पण दोन वर्षांची सवय, मनगट मागं वळायलाच तयार नाही.

शेवटी सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसूशेठ, खेळणं तुमच्यानं व्हायचं न्हाई. तुमी आपलं कोचिंगच करा."