म्हैस हाय म्हणून सांगितलं

वडूजजवळच्या वस्तीवर आम्ही नवरा-बायको मुलींना पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा थोरलीनेच आमची मुलाखत घेतली. ती सात वर्षांची, धाकटी चार. कायमचे आईबाप मिळेपर्यंत सांभाळायला म्हणून दोघी बहिणींना एका मेंढपाळ मावशींच्या घरी ठेवलं होतं. मावशींच्या दारात मेंढ्या आणि दोन म्हशी.

घरात कोण कोण असतं, कुणी मारतं का, धाकटी माझ्याजवळच झोपेल ना, असं सगळं थोरलीने मला विचारून घेतलं. मग ती यांच्याकडे वळली.

"तुमच्यात म्हैस हाय का?"

"हाय की," हे म्हणाले.

आमच्याकडे ऊस होता, ट्रॅक्टर होता. म्हैस नव्हती. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस एवढ्याशा पोरीपुढे घाबरून खोटं बोलला. परतताना आम्ही इतके हसलो, की पुसेसावळीला गाडी बाजूला घ्यावी लागली.

कागदपत्रं पुरी होऊन मुली कराडला यायच्या दोनच दिवस आधी म्हैस आली. ती यांना कासेला हात लावू देईना. मुलींना एकदम तुटल्यासारखं वाटू नये म्हणून मावशीही चार दिवस राहायला आल्या होत्या. थोरली गाडीतून उतरली ती थेट गोठ्यात. म्हशीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "दावं कोरं हाय."

मी यांच्याकडे पाहिलं. तिला दिलेला पहिलाच शब्द खोटा निघाला होता.

"परवा आणली," हे खाली मान घालून म्हणाले. "तू विचारलंस तवा नव्हती."

"आमच्यासाठी आणली?"

"व्हय."

ती हसायलाच लागली. ती हसते म्हणून धाकटी, धाकटी लोळते म्हणून मावशी, तोंडाला पदर लावून. संध्याकाळी मावशींनी यांना धार काढायला शिकवलं. बादली दोनदा उलटली.

पाचव्या दिवशी मावशी निघाल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "रडल्या तर रडू दे. उगं गप करू नगंस." धाकटी दुपारभर रडली. मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले.

आता मावशींकडे सांभाळायला येणाऱ्या लेकरांना घरी नेणारी जोडपी आधी आमच्याकडे येऊन जातात. मागच्या महिन्यात एक जोडपं सांगलीहून आलं होतं. बाई फार भेदरलेली. कधीही फोन केला तर चालेल का, एवढंच तिने चारदा विचारलं.

मूल घरी आल्यावर आठवड्याने तिचा फोन आला. मी काळजीनेच उचलला. मागे भांडी पडत होती, एक पोरगं खिदळत होतं, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"काही नाही हो ताई," ती कशीबशी म्हणाली, "असंच केला."